१०८ टक्के कार्यक्षमता आणि एक किलोमीटरचा अँटेना

पुण्यात एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "आमचा ५.८ गिगाहर्ट्झचा आठ बाय आठ छोट्या अँटेनांचा अ‍ॅरे आहे. कॉलेजच्या चेंबरमध्ये, म्हणजे लहरी शोषणाऱ्या फोमने मढवलेल्या खोलीत, दोन मीटरवर हॉर्न (कर्ण्यासारखा मोजणारा अँटेना) फिरवून समोरच्या प्रतलावर पडणारी सगळी शक्ती मोजली. बेरीज केली तर अ‍ॅरेला दिलेल्या शक्तीच्या १०८ टक्के येते. चूक कुठे झाली? आणि एवढ्याशा अँटेनाची ही गत, तर अंतराळातून सौरऊर्जा पाठवणारा एक किलोमीटरचा अँटेना कोण, कुठे आणि कसा तपासणार?"

आधी अभिनंदन. बहुतेक जण १०८ आल्यावर गुपचूप एखादा गुणक बदलून ८७ करतात आणि अहवाल बांधायला देतात. तुम्ही विचारलंत.

१०८ टक्के म्हणजे डीबीत, म्हणजे शक्तीचं गुणोत्तर मोजायच्या डेसिबलमध्ये, किती? ०.३३. आयुष्यभर दळणवळणाचे अँटेना मोजणाऱ्या माणसाला ०.३३ डीबी सांगितलं तर तो म्हणेल, छान जुळलं की! कॅटलॉगमधल्या स्टँडर्ड हॉर्नच्या गेनमध्येच (एका दिशेला शक्ती किती एकवटते त्या मापात) ±०.३ डीबीच्या आसपास अनिश्चितता असते. त्यात पॉवर मीटरच्या सेन्सरची भर, कनेक्टरवरून परत फिरणाऱ्या लहरींची भर. दळणवळणात एवढं चालतं, कारण लिंकमध्ये दोन-तीन डीबीची राखीव जागा आधीच ठेवलेली असते. इथे मात्र तुम्ही संदेश पाठवत नाही, वीज पाठवताय. विजेच्या हिशेबात ०.३३ डीबी म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडणं. माझ्या मते या विषयातली खरी अडचण ही आहे. अँटेना मोजायची आमची सगळी साधनं, सवयी आणि सहनशीलता डीबीच्या भाषेत घडल्या आहेत, आणि वीज विकत घेणारा टक्क्यांत विचारतो.

मोठ्या आकड्यांत बघू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने आणि नासाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस अंतराळातून सौरवीज पाठवायचा जो संदर्भ आराखडा केला, त्यात भूस्थिर कक्षेत १ किलोमीटर व्यासाचा अँटेना, २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारता आणि जमिनीवर ५ गिगावॉट वीज असं गणित होतं. ग्राहक अँटेना, म्हणजे लहरींची पुन्हा डीसी वीज करणारा रेक्टेना, साधारण १० बाय १३ किलोमीटरचा. यात ०.१ डीबीची चूक म्हणजे २.३ टक्के, म्हणजे ११५ मेगावॉट. चांगल्या रेंजवरही, म्हणजे अँटेना मोजायच्या जागेवरही, आम्ही गेन ±०.२५ डीबीत सांगितला तर खूश असतो. तो फरक होतो जवळजवळ सहा टक्के, ३०० मेगावॉट. एखाद्या मध्यम वीज केंद्राएवढी वीज आमच्या मोजमापाच्या धुक्यातच हरवते.

आता अंतराचा प्रश्न. फार-फील्डचा, म्हणजे बीमचा आकार स्थिरावतो त्या अंतराचा, नियम तुम्हाला पाठ असेल: दोन गुणिले व्यासाचा वर्ग भागिले तरंगलांबी. या नियमातही सूट दिलेली आहे, ते कुणी सांगत नाही. त्या अंतरावर अँटेनाच्या कडेपासून आणि मध्यापासून येणाऱ्या लहरींत अजून साडेबावीस अंशांचा फेजचा (लहरीच्या चढउताराच्या टप्प्याचा) फरक उरलेला असतो. मेन बीमला तो चालतो. साइडलोब, म्हणजे मुख्य बीमच्या बाजूचे छोटे बीम, खूप खालचे असतील तर मोजमापात ते बुजतात किंवा शेजारच्या लोबमध्ये मिसळतात, आणि मग दुप्पट-तिप्पट अंतर लागतं.

तुमचा अ‍ॅरे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४१ सेंटिमीटर धरला तर हे अंतर साडेसहा मीटर येतं. तुम्ही दोन मीटरवर मोजलंत, म्हणजे त्याच्या आत, नियर-फील्डमध्ये. त्यात गैर काही नाही, पण मग नियर-फील्डचे नियम पाळायला हवेत. हॉर्नचं प्रभावी क्षेत्रफळ, म्हणजे तो जेवढ्या भागातली शक्ती पकडतो ते, तुम्ही सगळीकडे तेच धरलंत. ते फक्त समोरून येणाऱ्या लहरीसाठी खरं असतं. प्रतलाच्या कडेला लहर तिरकी येते, तिथे हॉर्न कमी ग्रहण करतो, आणि तिरप्या पृष्ठातून जाणाऱ्या शक्तीचा हिशेबही वेगळा होतो. हे दुरुस्त करण्यालाच प्रोब (मोजणारा अँटेना, इथे तुमचा हॉर्न) करेक्शन म्हणतात. तुमच्या बाबतीत मात्र या दोन्ही गोष्टी अगदी थोड्याच हलवतील. बेरीज १०० च्या वर नेणारा चोर दुसराच आहे, त्याच्याकडे येते.

किलोमीटरच्या अँटेनाचं फार-फील्ड अंतर १६,३०० किलोमीटर येतं. पृथ्वीच्या व्यासापेक्षा जास्त. म्हणजे जमिनीवर कितीही मोठं मैदान घेतलं तरी तो अँटेना एकसंध तपासता येणार नाही. गंमत अशी की भूस्थिर कक्षा ३५,७८६ किलोमीटरवर आहे, त्यामुळे कामाच्या जागी तो फार-फील्डमध्येच असेल. जिथे तपासायला माणसं आहेत तिथे तो नीट वागत नाही, आणि जिथे नीट वागतो तिथे स्क्रू पिळायला माणूस नाही.

मोठे डिश तपासायचा एक जुना मार्ग आपल्या जवळच आहे. नारायणगावजवळ खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे ४५ मीटरचे ३० डिश आहेत. १,४२० मेगाहर्ट्झला त्यांचं फार-फील्ड अंतर १९ किलोमीटर येतं. बरं, ते डिश क्षितिजापर्यंत झुकत नाहीत, साधारण १७ अंशांवर थांबतात. म्हणजे त्यांच्यासमोर चाचणीचा ट्रान्समीटर ठेवायचा तर त्याला साडेपाच किलोमीटर उंचीवर टांगावं लागेल. एकावर एक तीन कळसूबाई ठेवले तरी पुरणार नाहीत. म्हणून अशा डिशची तपासणी आकाशातल्या रेडिओ स्रोतांवर होते: बाकीचे अँटेना स्रोतावर स्थिर ठेवायचे, एक अँटेना स्रोताच्या आजूबाजूला थोडाथोडा हलवायचा आणि दोघांच्या सिग्नलच्या तुलनेतून त्याच्या पृष्ठभागाचा नकाशा काढायचा. सुंदर पद्धत आहे. दुर्दैवाने ती वीज पाठवणाऱ्या अ‍ॅरेला लागू पडत नाही. त्यातले अ‍ॅम्प्लिफायर एकतर्फी असतात. ते पाठवतात, ऐकत नाहीत. पाठवण्याच्या मार्गातला दोष ऐकण्याच्या मार्गावरून कळत नाही.

मग नियर-फील्ड स्कॅन? तत्त्वतः हो. प्रोब अँटेनासमोर अर्ध्या तरंगलांबीच्या टप्प्याने फिरवायचा आणि गणिताने फार-फील्ड काढायचं. किलोमीटरच्या अँटेनासाठी बिंदू किती होतील? प्रत्येक बाजूला सोळा हजारांवर, म्हणजे एकूण सव्वीस कोटींच्या पुढे. प्रोब फिरतो ते प्रतल तरंगलांबीच्या शंभराव्या भागाइतकं सपाट हवं, असा आम्ही सर्वसाधारण आडाखा धरतो, २.४५ गिगाहर्ट्झला ते १.२ मिलिमीटर होतं. एक किलोमीटर लांबीवर १.२ मिलिमीटर! सकाळचं ऊन पडलं की संपलं. अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या अ‍ॅलन न्यूवेल यांनी १९८८ साली प्रतलीय नियर-फील्ड मोजमापातल्या चुकांची १८ कलमं मांडली. आजही प्रत्येक चांगली रेंज तो ताळेबंद भरते. कागदावर तो कंटाळवाणा वाटतो, पण तुम्ही एकदा भराच. १०८ पैकी आठ टक्के कुठल्या कलमात बसतात ते तिथे दिसू लागतं.

आता तो चोर: परावर्तन. मुख्य सिग्नलच्या शंभराव्या भागाएवढी शक्ती, म्हणजे उणे २० डीबी, भिंतीवरून उलटून प्रोबवर आली तर वाचनात किती फरक पडेल? एक टक्का असं वाटतं. पण बेरीज शक्तींची होत नाही, क्षेत्रांची होते. शक्तीचा शंभरावा भाग म्हणजे क्षेत्राचा दहावा भाग. तो सम फेजमध्ये आला तर वाचन २१ टक्के वाढतं, विरुद्ध फेजमध्ये आला तर १९ टक्के घटतं. उणे ४० डीबीचं, म्हणजे दहा हजाराव्या भागाचं परावर्तनही ±२ टक्के हलवतं. कॉलेजच्या जुन्या चेंबरमध्ये कोपऱ्यातला फोम चुरगळलेला असेल, दाराची पट्टी उघडी असेल, तर उणे ३० डीबी सहज. तेवढ्यानेच ±६ टक्के.

आमच्या एका बाहेरच्या रेंजची गोष्ट सांगते. दोन मनोरे, मध्ये शेत. जुलैत केलेलं मोजमाप आणि नोव्हेंबरातलं मोजमाप यांत अर्ध्या डीबीहून जास्त फरक. अँटेना तोच, हॉर्न तोच, माणसंही तीच. केबल बदलल्या, मिक्सर बदलला, एकमेकांवर संशय घेऊन झाला. सहा आठवड्यांनी एक तंत्रज्ञ डबा खाताना सहज म्हणाला, "मॅडम, ऊस केवढा वाढलाय बघा." जुलैत गुडघ्याएवढा असलेला ऊस नोव्हेंबरात दोन पुरुष उंच झाला होता, आणि जमिनीवरून येणारं परावर्तन आता उसाच्या शेंड्यांवरून, वेगळ्या अंतराने येत होतं. पुढे तोडणी झाल्यावर आकडे परत जागेवर आले. त्यानंतर काही वर्षं आमच्या मोजमापांचं वेळापत्रक साखर कारखान्याच्या तोडणीच्या यादीला बांधलेलं होतं. हसू येतं, पण किलोमीटरभर अंतरावर वीज पाठवण्याच्या कुठल्याही प्रयोगात जमीन हा तिसरा अँटेना असतो आणि त्याचं डिझाइन कुणी केलेलं नसतं.

हे सगळं लक्षात ठेवून आता बातम्यांतले कार्यक्षमतेचे आकडे वाचा. १९७५ साली कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला बिल ब्राऊन आणि रिचर्ड डिकिन्सन यांच्या चमूने २६ मीटरच्या डिशमधून १.५४ किलोमीटरवर ३० किलोवॉटहून जास्त वीज काढली. ८० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमता, असं अजून छापून येतं. खरं आहे, पण ते रेक्टेनावर पडलेल्या शक्तीच्या प्रमाणात. बीमचा बहुतांश भाग रेक्टेनाच्या बाहेर डोंगरावर गेला होता, आणि तसाच तो जाणार होता: रेक्टेना होता २५ चौरस मीटरच्या आसपास. शिवाय त्या डिशचं फार-फील्ड अंतर प्रयोगाच्या वारंवारतेला १०.८ किलोमीटर येतं, म्हणजे प्रयोग नियर-फील्डमध्ये होता. त्याच वर्षी रेथिऑन कंपनीच्या प्रयोगशाळेत ब्राऊन यांनी मॅग्नेट्रॉनला (सूक्ष्मलहरी तयार करणाऱ्या नळीला) दिलेल्या डीसीपासून रेक्टेनातून आलेल्या डीसीपर्यंत ५४ टक्के मिळवले. साधारण अर्धा किलोवॉट, अंतर दोन मीटरहून कमी. मला तो आकडा जास्त आवडतो. दोन्ही टोकांना डीसी असल्यामुळे तो साध्या मीटरने मोजता येतो, मध्ये गेनचा अंदाज घुसत नाही, आणि सोबत सुमारे एक टक्क्याची अनिश्चितता लिहिलेली होती. आजच्या किती पत्रकांत ती असते?

२०२३ साली कॅलटेकच्या अली हाजिमिरी यांच्या गटाने मेपल नावाचा छोटा अ‍ॅरे कक्षेत चालवला आणि पासाडेनातल्या इमारतीच्या छतावर त्याचा सिग्नल पकडला. अपेक्षित वेळेला, अपेक्षित वारंवारतेला, कक्षेच्या वेगाने व्हायला हवा तेवढ्याच डॉप्लर बदलासह. बीम वळवता येतो आणि हलकी, लवचिक रचना प्रक्षेपण सोसते हे त्याने दाखवलं. विजेचा हिशेब तो नव्हे, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. दावा मथळ्यांनी केला.

छोट्या प्रयोगातून मोठ्याबद्दल काही शिकायचं तर एक संख्या सांभाळावी लागते: दोन्ही अँटेनांच्या क्षेत्रफळांच्या गुणाकाराचं वर्गमूळ भागिले (तरंगलांबी गुणिले अंतर). गुबाऊ आणि श्वेरिंग यांनी १९६१ साली हे मांडलं. नासाच्या आराखड्यात ती संख्या १.८ च्या आसपास येते, आणि तेवढ्यावर आदर्श बीमची ९६ टक्के शक्ती रेक्टेनावर पडते. तीच संख्या ५.८ गिगाहर्ट्झला एक किलोमीटरच्या रेंजवर हवी असेल तर दोन्ही टोकांना जवळपास ११ मीटरचे अँटेना लागतात. त्याहून लहान घेतले की बीमची कड रेक्टेनाबाहेर सांडते, आणि सांडलेल्याबद्दल तुमचा प्रयोग मुका असतो. सुरक्षेचा प्रश्न मात्र नेमका तिथेच आहे. आराखड्यात रेक्टेनाच्या मध्यावर चौरस सेंटिमीटरला २३ मिलिवॉट, कडेला १ मिलिवॉट आणि पहिल्या साइडलोबला ०.१ मिलिवॉटच्या आत असं धरलं होतं.

मग किलोमीटरचा अँटेना तपासणार कसा? तुकड्यांत. त्याच आराखड्यात अँटेना १०.४ मीटरच्या चौकोनी ७,२२० उपअ‍ॅरेंचा होता. एका उपअ‍ॅरेचं फार-फील्ड अंतर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तर, साडेतीन किलोमीटर येतं. ते जमिनीवर शक्य आहे, ऊस नसेल तर. पण ७,२२० तुकडे एकेक करून तपासले म्हणजे सगळा अँटेना तपासला असं होत नाही. सगळ्या तुकड्यांच्या फेजमध्ये रेंजने एकसारखीच चूक केली तर बीमला काहीही होत नाही. सगळे सारखेच चुकले की कुणीच चुकलेलं नसतं. वाटेल तशा इकडेतिकडे चुका झाल्या तर शक्ती निसटते: दहा अंशांची सरासरी (आरएमएस) चूक तीन टक्के नेते, वीस अंशांची साडेअकरा टक्के. आणि ती नाहीशी होत नाही, साइडलोबमध्ये पसरते. २.४५ गिगाहर्ट्झला दहा अंश म्हणजे ३.४ मिलिमीटर. डिसेंबरात तपासलेला तुकडा आणि मेमध्ये तपासलेला तुकडा यांच्या केबलच्या तापमानातला फरकच एवढी फेज खाऊ शकतो. शक्तीच्या मोजमापाचं मात्र उलट आहे. स्टँडर्ड हॉर्नचा गेन चुकीचा धरला असेल तर ७,२२० वेळा तीच चूक होते, आणि हजारो मोजमापांची सरासरी तिचा केससुद्धा वाकडा करत नाही. एखादं अचूक कॅलिब्रेट केलेलं हॉर्न घ्यायला पैसे मागितले की वरिष्ठ म्हणतात, आहेत की चार! चारही एकाच कॅटलॉगवरून आलेले असतात.

तुकडा एकटा आणि तुकडा समूहात, यांतही फरक असतो. शेजारच्या एलिमेंटांशी, म्हणजे समूहातल्या छोट्या अँटेनांशी, होणाऱ्या देवाणघेवाणीमुळे प्रत्येकाचा इम्पिडन्स (विद्युत अवरोध) बदलतो, बीम वळवला की पुन्हा बदलतो. तुमच्या आठ बाय आठमध्ये ६४ पैकी २८ एलिमेंट कडेला आहेत. मोठ्या अ‍ॅरेत कडेचं प्रमाण नगण्य असतं. म्हणून तुमच्या अ‍ॅरेचा सरासरी एलिमेंट हा मोठ्या अ‍ॅरेच्या सरासरी एलिमेंटचा नमुना होत नाही; फक्त मधल्या ३६ एलिमेंटांवर लक्ष द्या.

पूर्ण शक्तीवर तपासणं हा तर वेगळाच ताप. आराखड्यातल्या अँटेनाच्या मध्यावर चौरस मीटरला सुमारे २२ किलोवॉट निघतात. चेंबरचा नेहमीचा फोम चौरस मीटरला एक किलोवॉटच्या आतबाहेर दम सोडतो, पुढे धूर. कमी शक्तीवर तपासावं तर अ‍ॅम्प्लिफायर गरम झाल्यावर फेज कुठे सरकते ते कळत नाही. शिवाय गुरुत्वाकर्षण. वजनरहित अवस्थेसाठी केलेली पातळ रचना जमिनीवर स्वतःच्याच वजनाने मिलिमीटरांनी वाकते. दोऱ्यांनी तोलून धरली तर दोऱ्याही परावर्तन करतात.

त्यामुळे शेवटची तपासणी कक्षेतच, अँटेनाने स्वतःची स्वतः करायची आहे. त्यासाठी मला सर्वांत भरवशाची वाटते ती जपानी पद्धत, मानो आणि काटागी यांची, १९८२ सालची. सगळा अ‍ॅरे चालू ठेवायचा, एकाच एलिमेंटची फेज पूर्ण वर्तुळभर फिरवायची आणि दूर बसवलेल्या एका ग्राहकाने फक्त शक्तीचा चढउतार टिपायचा. चढउतार किती आणि शिखर कुठे, यावरून त्या एलिमेंटची तीव्रता आणि फेज दोन्ही निघतात. ग्राहकाला फेज मोजावी लागत नाही, म्हणून हजारो किलोमीटर केबलची गरज नाही. अडचण संख्येची. हजारो एलिमेंटांच्या गोंगाटात एकाचा चढउतार फारच लहान, म्हणून गट करून फिरवावं लागतं. आणि एक फेरी पुरी होईपर्यंत रचना हलता कामा नये. सूर्यप्रकाशातून सावलीत जाताना ती हलतेच.

आता तुमचं चेंबर. ही एलिमेंट फिरवायची पद्धत तुमच्या ६४ वर आजच करता येईल, फेज शिफ्टर आहेतच. तीन-चार एलिमेंट वाईट निघतील, त्यांची नोंद ठेवा, पण १०८ त्याने सुटणार नाही. त्यासाठी आधी हॉर्नचा गेन कॅटलॉगवरून घेणं थांबवा: तीन हॉर्न घ्या, दोन-दोनच्या तीन जोड्या मोजा, तीन समीकरणांतून तिन्हींचा खरा गेन काढा. एक दिवसाचं काम आहे. मग अ‍ॅरेला जाणारी शक्ती कनेक्टरच्या तोंडाशी मोजा, जनरेटरच्या पडद्यावर वाचू नका. आणि हॉर्न आत्ता आहे तिथे पूर्ण स्कॅन करून झाला की तो १३ मिलिमीटर, म्हणजे पाव तरंगलांबी, मागे सरकवून तोच स्कॅन पुन्हा करा. हॉर्न आणि अ‍ॅरे यांच्यात मागेपुढे आपटणारी लहर दुसऱ्या वेळी उलट्या फेजमध्ये येते आणि सरासरीत बरीचशी कापली जाते. दोन स्कॅनमध्ये चार-पाच टक्क्यांचा फरक दिसला तर दाराच्या पट्टीपासून सुरुवात करा. दोन्हींची बेरीज वेगवेगळी लिहून पाठवा, सरासरी मी काढते.